फारकत आई-बापाची, दुखणे लेकराचे

मागच्या वर्षी 14 एप्रिलला विहाराच्या आवारात आम्ही नेहमीप्रमाणे रक्तदाब आणि साखर तपासणीचे टेबल मांडले होते. जयंतीच्या दिवशी लोक आधी मिरवणुकीकडे जातात, मग भोजनदानाकडे, आणि पाय दुखायला लागले की आमच्याकडे येतात. दुपारी उत्तर नागपुरातला एक फरशी बसवणारा मिस्त्री आला. वय 34. रक्तदाब 168/104. दारू पिता का, असे विचारले तर म्हणाला, ‘‘रोज नाही.’’ झोप येते का, यावर गप्प. थोड्या वेळाने त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कार्ड काढून टेबलावर ठेवले. त्याच्या लेकीचे सिकलसेलचे कार्ड होते.

‘‘सिस्टर, पोरगी माह्यापाशी नाही. अकरा महिने झाले, तोंड नाही पाह्यलं. कार्ड तं इथं आहे, मग तिले गोळ्या कोण देत असन?’’

आरोग्याच्या पानावर नवरा-बायकोच्या भांडणाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण त्या कार्डामागची हकिगत ऐकल्यावर ही गोष्ट आमच्याच पानाची आहे हे पटले. नाव-गाव सांगत नाही. त्या दोघांनाही विचारूनच लिहितो आहोत.

मुलगी दोन वर्षांची असताना तिच्या हातापायांची बोटे सुजली. रडणे थांबेना. आधी मुका मार, मग कोणाची नजर, असे करत करत शेवटी सरकारी दवाखान्यात रक्त तपासले आणि सिकलसेल ग्रस्त, म्हणजे एसएस, असा रिपोर्ट आला. त्या दिवसापासून घरात एकच वाक्य सुरू झाले, ‘‘आमच्या घराण्यात असं काही नोहतं.’’ सासू म्हणे, नणंद म्हणे, शेजारीण म्हणे. सून दोन वर्षे ऐकत राहिली. मग एक दिवस मुलीला घेऊन भंडारा जिल्ह्यात माहेरी निघून गेली.

सिकलसेल एकट्या बाईकडून येत नाही. एकट्या पुरुषाकडूनही येत नाही. मूल ग्रस्त जन्मते तेव्हा आईकडून एक दोष आणि बापाकडून एक दोष असे दोन्ही त्याला मिळालेले असतात. आई-बाप दोघेही वाहक, म्हणजे एएस, असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के असते. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, म्हणून घराण्यात कोणाला काही नव्हते असे वाटते. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात हा दोष बराच आढळतो. म्हणून लग्नाआधी दोघांचे रक्त तपासा, असे आम्ही या पानावर अनेकदा लिहिले आहे. पत्रिका आपण सोडली, पण तिच्या जागी रक्ताचा रिपोर्ट मागायची सवय अजून लागलेली नाही.

आम्ही त्याला विचारले, ‘‘भाऊ, तुमची तपासणी झाली होती का?’’ बराच वेळ तो जमिनीकडे बघत राहिला. झाली होती. मुलीच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी दोघांनाही बोलावले होते. तो स्वतः वाहक निघाला होता. तो कागद त्याने पेटीत तळाशी ठेवला आणि आईला कधी सांगितला नाही. बायको दोन वर्षे बोलणी खात होती आणि याच्याजवळ उत्तर होते.

इथे आमचा राग आवरेना. आमचे काम मुख्यतः बायकांमध्ये आहे. बायको माहेरी गेली आणि लेकरू भेटत नाही अशी तक्रार घेऊन पुरुष आला की आम्ही आधी विचारतो, मारलं होतं का? हा प्रश्न आम्ही यापुढेही विचारणार. कारण ‘मला लेकराला भेटू देत नाहीत’ म्हणणाऱ्यांत तीन प्रकारचे बाप आम्ही पाहिले आहेत. एकाला लेकरू खरेच हवे असते. दुसऱ्याला लेकराच्या आडून बायकोवर दाब टाकायचा असतो. पोटगीची तारीख आली की याची माया जागी होते. तिसऱ्याला स्वतःलाच कळत नाही की आपण पहिल्यातले की दुसऱ्यातले. हा मिस्त्री तिसऱ्यातला होता असे आमचे मत. आणि तिसऱ्यातला माणूस योग्य वेळी कोणी हाताला धरला तर पहिल्यात येतो.

त्याने मारहाण केली नव्हती. हे त्याने सांगितले म्हणून आम्ही मानले नाही, नंतर तिच्याकडूनही विचारून घेतले.

लेकराच्या शरीरावर याचा काय परिणाम होतो, ते आता सांगतो. वॉर्डात काम करताना पोट दुखते म्हणून आलेली कितीतरी मुले आम्ही पाहिली. सोनोग्राफी चांगली, लघवी चांगली, जंताचे औषध झालेले. मग कोणीतरी आजी हळूच सांगते, ‘‘याचे मायबाप अलग झाले नं.’’ लहान मूल दुःख तोंडाने सांगत नाही, अंगाने सांगते. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. रात्री दचकून उठते. नखे कुरतडते. शाळेत जायच्या वेळी डोके दुखते. चार-पाच वर्षांचे मूल तर असेही धरून बसते की मी हट्ट केला म्हणून बाबा गेला. हे ते कोणाला बोलून दाखवत नाही, म्हणून त्याला न विचारताच सांगावे लागते: ‘‘यात तुझी काही चूक नाही.’’ एकदा सांगून पुरत नाही. दहा-बारा वर्षांची मुले वेगळी वागतात. ती एका बाजूची होऊन जातात, दुसऱ्याचे नाव काढले की चिडतात, किंवा दोघांनाही खोटे सांगून दोघांना खूश ठेवायला शिकतात. अशी लक्षणे महिनाभर टिकली, खाणे-झोप-शाळा बिघडली, तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवा. तिथे गेल्याने मूल वेडे ठरत नाही.

आणि सिकलसेलच्या मुलीचे याहून वेगळे. थंडी, पाणी कमी पिणे, ताप, दमणे, यांनी तिला दुखण्याचा झटका येऊ शकतो. तिच्याजवळ जो कोणी असेल, मग ते दोन तासांसाठी का असेना, त्याला काही गोष्टी पाठ पाहिजेत. फॉलिक ॲसिडची गोळी रोज. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिले असेल तर ते सांगितलेल्या मापातच, आणि त्यासाठी ठरलेल्या वेळी रक्ततपासणी. पाणी दिवसभर थोडे थोडे. ताप 101 च्या वर गेला की घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी दवाखाना. मूल एकाएकी पांढरे पडले, डाव्या बरगडीखाली पोट फुगले, दम लागला, तर जी गाडी मिळेल ती धरून निघायचे, किंवा 108 ला फोन. जिथे दाखवू तिथे पहिल्यांदा सांगायचे की मूल सिकलसेलचे आहे. अशा मुलाचे कागद एका घरात आणि मूल दुसऱ्या घरात, ही साधी अडचण नाही.

कार्ड घेऊन आम्ही तिच्या माहेरी गेलो. तिथे आमचा एक गैरसमज गेला. बाप म्हणत होता तसे गोळ्यांवाचून काही अडले नव्हते. आईने ग्रामीण रुग्णालयात जाऊन गोळ्या सुरू ठेवल्या होत्या. शेतावर मजुरीला जाताना पाण्याची बाटली मुलीच्या गळ्यात अडकवून अंगणवाडीत सोडत होती. पण डॉक्टर पहिला रिपोर्ट आणि आधीच्या रक्ताच्या नोंदी मागत होते, त्या हिच्याजवळ नव्हत्या. लसीकरणाचे कार्डही नागपूरलाच राहिले होते. पाच वर्षांचा डीपीटीचा बूस्टर बाकी होता, आधीचे सगळे झाले की नाही हे नर्सताईला कळत नव्हते. म्हणजे दोघांकडे अर्धे अर्धे लेकरू होते.

आम्ही भेटीचा विषय काढला. ती म्हणाली, ‘‘ताई, भेटवायले माही ना नाही. पोरगी रोज विचारते. पण त्याच्या माईनं एकदा माह्यासमोर म्हणावं का हे एकटीचं नोहे.’’

तिच्या वडिलांचे मात्र म्हणणे होते की पोटगीचा रुपया येत नाही तोवर पोरीचे तोंड दाखवायचे नाही. आम्ही त्यांना सांगितले, ‘‘दादा, पोटगी तुमच्या नातीचा हक्क आहे, तो सोडू नका, पण भेट हे पोटगीचे तिकीट नव्हे.’’ कायद्यात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पैसे दिले नाहीत म्हणून भेट आपोआप बंद होत नाही, आणि भेट मिळत नाही म्हणून पैसे थांबवायचा अधिकार बापाला मिळत नाही. मिस्त्रीलाही हेच ऐकवले. तो म्हणत होता, ‘‘पाहू देत नाही तं कायचे पैसे?’’ पोरगी जेवायची थांबली आहे का, असे विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते.

कायद्याचे आणखी थोडे. 1956 चा अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा कायदा नावात हिंदू असला तरी बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम 6 प्रमाणे पाच वर्षांखालील मूल साधारणपणे आईकडे राहते. पण त्याच कायद्याचे कलम 13 सांगते की सगळ्यात वर मुलाचे हित. म्हणून ‘मुलगा बापाचाच’ हेही खरे नाही आणि ‘पाच वर्षे झाली की बाप घेऊन जाणार’ ही भीतीही खरी नाही. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याला भेट मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू यांच्या खटल्यात म्हटले आहे की मुलाला आई आणि बाप दोघांच्याही मायेचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटण्याबरोबर फोन, व्हिडिओ कॉल यांनीही मुलाशी बोलता आले पाहिजे. हक्क मुलाचा, असे म्हटले आहे, हे आमच्या बंधूंनी नीट ऐकावे.

भेटीसाठीचा अर्ज 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली, मूल जिथे नेहमी राहते त्या भागातल्या कौटुंबिक न्यायालयात, आणि ते नसेल तर जिल्हा न्यायालयात करायचा. घटस्फोटाचा किंवा नांदायला येण्याचा दावा आधीच सुरू असेल तर त्याच दाव्यात भेटीचा अर्ज देता येतो. वकिलाच्या फीला भिऊन बसू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना मिळकत न बघता मोफत वकील मिळतो. 1990 पासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे जातीचा दाखला सोबत न्या. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. फोन 15100.

स्टॅम्पपेपरवर ‘लेकराशी माझा संबंध नाही’ असे लिहून घेणारे पंच आमच्या वस्त्यांत अजून आहेत. असा कागद मुलावर बांधील नसतो. बाप होणे पाचशे रुपयांच्या स्टॅम्पने सुटत नाही.

आता ज्या बापांनी मारले आहे त्यांच्याविषयी. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 प्रमाणे मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा आईकडे देऊ शकतात, आणि भेटीने मुलाला इजा पोहोचेल असे वाटले तर भेट नाकारूही शकतात. ते योग्यच आहे. मुलासमोर आईला मारणे ही मुलालाच केलेली इजा आहे. अशा ठिकाणी भेट व्हायचीच असेल तर ती न्यायालयाच्या मुलांच्या खोलीत, समुपदेशकाच्या डोळ्यांसमोर व्हावी. भिक्खू किंवा पंच मध्ये पडले म्हणून बाईने एकटीने मुलाला घेऊन त्याच्या खोलीवर जाऊ नये. धोका वाटला तर 181, मुलासाठी 1098.

मिस्त्रीच्या रक्तदाबाकडे परत येतो. त्या अकरा महिन्यांत त्याचे ‘रोज नाही’ हळूहळू रोज झाले होते. पाचवे शील त्याला पाठ होते, वंदनेला तो येतही होता. नुसते शील आठवून द्यायला आम्ही गेलो नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात कापतात, घाम सुटतो, भास होतात, फिट्सही येऊ शकतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून त्याला सरकारी रुग्णालयात पाठवले, तिथे आठवडाभर गोळ्या देऊन सोडवली. सोबत त्याचा मेहुणा राहिला. मेहुणा म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. त्या घरात टोमणा न मारणारा एवढा एकच माणूस होता.

पुरुष रडत नाहीत म्हणून त्यांचे बरे चालले आहे असे समजू नका. 2022 च्या सरकारी नोंदीप्रमाणे देशातल्या आत्महत्यांत साधारण तिसरा हिस्सा कौटुंबिक कारणांचा आहे, आणि मरणाऱ्यांत पुरुष स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहेत. लेकरू तुटलेला माणूस कामावर जाणे बंद करतो, मुलाचे कपडे घेऊन बसतो, देणी चुकवायला लागतो, ‘माह्यामागं पोरीले पाहजा’ असे हसत बोलतो, तेव्हा त्याला सरळ विचारा, ‘‘भाऊ, मरायचे विचार येतात का?’’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटे ठेवू नका. 14416 हा टेलिमानसचा फोन चोवीस तास, फुकट आणि मराठीत चालतो. आम्ही मिस्त्रीला विचारले होते. ‘‘येते कधी कधी,’’ म्हणाला. त्याच्या घरातली विषारी औषधाची बाटली मेहुण्याने त्याच दिवशी हलवली.

मग आईसमोर बोलणे. ते त्यालाच करायचे होते, आमच्या तोंडून नाही. पौर्णिमेच्या वंदनेनंतर, घरी, त्याने पेटीतून कागद काढला आणि म्हणाला, ‘‘माय, माह्याही रक्तात आहे. मले माहीत होतं.’’ म्हातारी त्याला काही बोलली नाही. आम्हाला म्हणाली, ‘‘बाई, मंग हे माह्याकडून आलं का याच्या बापाकडून?’’ दोष कोणाचा हे शोधायची सवय एका दिवसात जात नाही. आम्ही म्हटले, ‘‘आजी, ते आता कायले शोधता?’’ पण तिने सुनेला फोन लावला. काय बोलली ते आम्ही ऐकले नाही, बाहेर जाऊन बसलो होतो.

विनयपिटकात राहुलाची हकिगत आहे. राहुलाला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा आजोबा शुद्धोदन व्याकूळ होऊन बुद्धांकडे गेले आणि मुलगा गेल्याचे, नातू गेल्याचे दुःख त्यांनी सांगितले. त्यांच्या विनंतीवरून नियम झाला की आई-बापांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये. स्वतःच्या संघाच्या बाबतीतही तथागतांनी त्या म्हाताऱ्याचे ऐकले. आपण मात्र लेकरू कुशीत घेऊन एसटीत बसतो, किंवा शाळेच्या फाटकातून उचलून आणतो, आणि दुसऱ्याला विचारायची गरज वाटत नाही. उचलून आणणाऱ्या बापांना तर हात जोडून सांगतो, असे करू नका. मूल आयुष्यभर शाळेच्या फाटकाला भिते, आणि न्यायालयात सगळ्यात आधी हीच गोष्ट तुमच्याविरुद्ध उभी राहते.

विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज दिल्यावर दावा न लावताच समजुतीच्या बैठका झाल्या. पाच महिने गेले, तीन तारखा वाया गेल्या. शेवटी ठरले की दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी अकरा ते चार, तालुक्याच्या विहारात भेट. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी फोन, आजोबांच्या मोबाइलवर. पोटगी बँकेत. आणि आमच्या आग्रहाने एक कलम जास्तीचे घातले: सगळ्या वैद्यकीय कागदांच्या झेरॉक्स दोन्ही घरी राहतील, दवाखान्यात नेले तर दुसऱ्याला त्याच दिवशी कळवायचे.

पहिल्या भेटीआधी आम्ही त्याला बजावले होते. धावत जाऊन उचलायचे नाही. खाली बसायचे, तिच्या उंचीचे व्हायचे, ती येईल तेव्हा येईल. महागाचे खेळणे नाही. ‘माय काय म्हणते माह्याबद्दल’ असे विचारायचे नाही. ‘चल माह्यासंग घरी’ म्हणायचे नाही. निघताना तिच्यासमोर रडायचे नाही, पुन्हा कधी येणार ते वार सांगून निघायचे, आणि त्या वारी यायचे. न येणारा बाप लेकराला न भेटणाऱ्या बापापेक्षा जास्त दुखवतो.

मुलगी आईच्या मागे लपली. पाऊण तास बाहेर आली नाही. तो विहाराच्या पायरीवर बसून राहिला. मग त्याने खिशातून फरशीचे दोन-तीन रंगीत तुकडे काढून जमिनीवर नक्षी मांडायला घेतली, कोणाशी न बोलता. ती आधी लांबून बघत होती. मग जवळ येऊन एक तुकडा उचलला आणि म्हणाली, ‘‘हा इकडं ठेवा.’’ अहो-जाहो केले तिने. तो ते ऐकून मान खाली घालून बसला.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एका चौथ्या रविवारी तो पिऊन आला. मुलीच्या आईने दारातूनच परत पाठवले, आणि तिने बरोबर केले असे आम्ही त्याला सांगितले. पुढच्या भेटीला तो शुद्धीत होता. बायको नांदायला परत गेलेली नाही, जायचा विचारही नाही, आणि तो तिचा प्रश्न आहे.

थंडीत मुलीचे पाय दुखायला लागले, ताप चढला. आईने रात्री साडेनऊला त्याला फोन केला. तो मोटारसायकलवर निघाला, आणि पोहोचेपर्यंत तिला ग्रामीण रुग्णालयात सलाइन लागली होती. झेरॉक्सची फाइल आईच्या पिशवीत होती, डॉक्टरांना काही विचारावे लागले नाही. रात्रभर एक खाटेच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला बसले. सकाळी नर्सताईने वजन घेतले तेव्हा त्याने आम्हाला फोन करून आकडा सांगितला. 14 किलो 600 ग्रॅम. वयाच्या मानाने कमीच आहे. दर महिन्याला वजन घेऊन कार्डावर लिहायला आम्ही दोघांनाही सांगितले आहे.